सात रेषा आणि एक हिरा

ताईला एकतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या तेव्हा दाजी बाहेरगावी होते, म्हणून दवाखान्यात तिच्यासोबत मी होते. रात्री अकराच्या सुमारास सिस्टर आल्या, दंडात इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "बारा तासांनी दुसरं. एकूण चार. बाळाच्या फुप्फुसांसाठी आहे, घाबरू नका." रिकाम्या बाटलीवर डेक्सामेथासोन असं लिहिलेलं होतं. हे नाव मला कोविडच्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या औषधांच्या चिठ्ठ्यांमधून माहीत होतं. आता तेच औषध ताईला, आणि तिच्यातून पोटातल्या बाळाला? बाहेरच्या बाकावर बसून मी फोनवर शोधायला लागले. अर्ध्या तासात मी एका लोगोपाशी येऊन पोचले, आणि त्या लोगोने पुढचे कितीतरी दिवस मला सोडलं नाही.

(बाळ ठीक आहे. सतरा दिवस पेटीत होतं, आता घरभर रांगतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना त्याची काळजी नको.)

तो लोगो कॉक्रेन या संस्थेचा. वैद्यकातले सगळे प्रयोग शोधायचे, गाळायचे, त्यांची बेरीज करायची आणि 'हे औषध खरंच काम करतं का' याचं उत्तर द्यायचं, हा या संस्थेचा धंदा. इयन चाल्मर्स आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली ती सुरू केली. लोगोत एका वर्तुळात एक उभी रेषा आहे, तिच्या आजूबाजूला सात आडव्या रेषा आणि तळाशी एक छोटा हिरा. मोबाइलवर अ‍ॅपच्या चिन्हाएवढा दिसतो, चटकन नजरेत भरत नाही. पण ती नक्षी नाही, आकृती आहे. आडवी रेषा म्हणजे एक प्रयोग. रेषा लांब असेल तर प्रयोग लहान आणि उत्तर धूसर. आखूड असेल तर उत्तर पक्कं. मधली उभी रेषा म्हणजे 'काही फरक नाही'. तिच्या डाव्या बाजूला औषधाचा फायदा, उजव्या बाजूला तोटा. आणि हिरा म्हणजे सातही प्रयोगांचं वजन करून काढलेली सरासरी. वजन करून म्हणजे, ज्याची रेषा आखूड त्याचं मत जड. अशा आकृतीला फॉरेस्ट प्लॉट म्हणतात.

लोगोतले सात प्रयोग ताईला दिलेल्या त्या इंजेक्शनाच्याच जातीच्या स्टेरॉइडांचे आहेत.

गोष्ट अशी. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ग्रॅहम लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर वेगळ्याच प्रश्नासाठी काम करत होते: प्रसूती सुरू कशामुळे होते? मेंढीच्या पोटातल्या गर्भाला स्टेरॉइड दिल्यावर फार लवकर जन्मलेलं एक कोकरू, ज्याने श्वासच घ्यायला नको होता, ते श्वास घेत होतं. त्यावरून लिगिन्स आणि रॉस हावी यांनी २८२ बायकांवर प्रयोग केला. १९७२ साली तो छापून आला. ज्यांना औषध मिळालं त्यांच्या बाळांमध्ये श्वासाचा गंभीर त्रास ९ टक्के, न मिळालेल्यांमध्ये जवळपास २६. पुढच्या काही वर्षांत इतर ठिकाणी असेच प्रयोग झाले, बहुतेक लहान. लोगोतल्या बहुतेक रेषा मधल्या उभ्या रेषेला छेदून जातात. म्हणजे एकेकट्या वाचल्या तर 'नक्की सांगता येत नाही' एवढंच म्हणतात. हिरा मात्र उभ्या रेषेपासून सुटून स्वच्छ डावीकडे उभा आहे. सगळे प्रयोग एकत्र मांडणारा पद्धतशीर आढावा १९८९ पर्यंत कुणी छापला नाही. बेरीज आधीच झाली असती तर हजारो बाळं वाचली असती, असं कॉक्रेनची मंडळी लोगोविषयी सांगतात. ज्यांच्या नावाने ही संस्था आहे त्या आर्ची कॉक्रेन यांनी १९७९ मध्ये पुराव्याशी वागण्याच्या बाबतीत प्रसूतिशास्त्राला सगळ्यात शेवटचा नंबर दिला होता. त्याच शाखेतून संस्थेचा लोगो निघावा, हेही गोष्टीला शोभणारं.

मला ही गोष्ट आवडते. त्या रात्री तर फारच आवडली होती. पण ती पुन्हा पुन्हा वाचल्यावर एखाद्या पक्क्या बांधलेल्या कथेबद्दल येते तशी शंका यायला लागली. या गोष्टीत खलनायक एकच आहे: आळस. पुरावा पडून होता, कुणी बेरीज केली नाही, बाळं गेली. म्हणजे बेरीज करणं हेच पुण्य. सात गोष्टी एकमेकींत मिळवता येतात की नाही, हा प्रश्न या गोष्टीत येतच नाही, कारण इथे त्याचं उत्तर सुदैवाने 'हो' होतं. सातही प्रयोग दवाखान्यांत झाले होते. बाई दाखल झालेली, डॉक्टर समोर, बाळ जन्मल्यावर त्याला बघायला कुणीतरी हजर. जे समान होतं ते इतकं समान होतं की त्याची नोंद करायची गरजच कुणाला वाटली नाही.

याच इंजेक्शनाच्या गोष्टीला पुढचा भाग आहे. तो लोगोत मावत नाही.

कॉक्रेनच्या २००६ च्या आढाव्यात २१ प्रयोग होते आणि इंजेक्शनाने नवजात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होतात असा हिशेब निघाला. आता प्रश्न होता गरीब देशांचा. अपुऱ्या दिवसांची बाळं तिथेच सगळ्यात जास्त मरतात आणि तिथलेच प्रयोग सगळ्यात कमी. २०१० साली इंटरनॅशनल जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजीमध्ये एक आढावा आला. त्यात १८ प्रयोगांवरून मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात असं होतं, आणि शिवाय मध्यम उत्पन्नाच्या देशांतले चार प्रयोग वेगळे काढले होते. त्या चारांची सरासरी: ५३ टक्के घट. म्हणजे गरिबीच्या जवळ जावं तसा फायदा वाढतो, असं चित्र. हे इंजेक्शन सगळीकडे पोचवलं तर वर्षाला पाच लाखांपर्यंत नवजात बाळं वाचतील, असा अंदाजही त्यातच होता.

या चार प्रयोगांपाशी थांबायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं राहिलं.

चार अभ्यास म्हणजे वाईट पुरावा, असं मला म्हणायचं नाही. धोरण ठरवणाऱ्याला चाळीस अभ्यासांची वाट बघायची सोय नसते, आणि वाट बघण्यातही माणसं मरतात. लोगोची गोष्ट नेमकं तेच सांगते. माझी तक्रार वाचनाबद्दल आहे. हे चार एका गटात का? तर ते ज्या देशांत झाले त्यांचं दरडोई उत्पन्न एका पट्ट्यात बसतं म्हणून. हे म्हणजे कथा लेखकाच्या पासपोर्टवरून लावण्यासारखं झालं. ते चारही प्रयोग दवाखान्यांतच झाले होते. त्या बायका आणि खेड्यात घरी बाळंत होणारी बाई यांच्यातलं अंतर देशाच्या उत्पन्नात मोजता येत नाही. ते मोजायचं तर वेगळे प्रश्न विचारावे लागतात. दिवस किती भरलेत ते नक्की माहीत आहे का? सोनोग्राफी झाली होती का? आईला ताप, जंतुसंसर्ग आहे का हे कुणी पाहिलं? बाळ जन्मल्यावर त्याला ऊब देणारं, श्वासाला मदत करणारं काही आहे का? 'मध्यम उत्पन्न' या शब्दाने हे सगळे प्रश्न झाकले, आणि झाकले गेलेत हे कुणाच्या लक्षात येऊ नये इतका तो शब्द साधा होता.

आणखी एक. अभ्यास थोडे आणि लहान असले की त्यांची सरासरी डोलते. त्यातही ज्या लहान प्रयोगांत मोठा फायदा दिसतो ते छापले जायची शक्यता जास्त. त्यामुळे चार लहान प्रयोगांतून ५३ असा आकडा आला, तर आधी मनात शंका यायला हवी आणि मग आनंद व्हायला हवा. उलटं झालं. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाने जीव वाचवणाऱ्या १३ वस्तूंची यादी केली, तीत हे इंजेक्शन होतं. भारतात २०१४ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या: अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झालेल्या बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी उपकेंद्रातल्या एएनएमनेही डेक्सामेथासोनचा एक डोस द्यावा.

हे सगळं चालू असतानाच काही लोक जमिनीवर मोजत होते. ऑक्टोबर २०११ ते मार्च २०१४ या काळात सहा देशांत एक प्रचंड प्रयोग झाला: अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि भारत. भारतातल्या दोन जागा म्हणजे बेळगाव आणि नागपूर. प्रयोगाचं नाव अ‍ॅक्ट. यात एकेका बाईची चिठ्ठी काढली नाही, एकेका भागाची काढली: १०१ भाग, त्यांपैकी ५१ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, औषधाचे संच आणि एक रंगीत मोजपट्टी. पाळीची तारीख आठवत नसेल तर पोटावर पट्टी लावून गर्भाशयाची उंची मोजायची आणि रंगावरून दिवस ठरवायचे. उरलेल्या ५० भागांत नेहमीचंच चालू. मिळून ९८ हजारांवर जिवंत जन्म. लोगोतल्या सातही प्रयोगांची बेरीज यापुढे चिमूटभर.

निकाल असा. सगळ्यात लहान पाच टक्के बाळांमध्ये, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू हजारी २२५ विरुद्ध २३२. फरक नाही म्हणावा असा. पण एकूण सगळ्या बाळांमध्ये: प्रशिक्षण दिलेल्या भागांत हजारी २७.४ मृत्यू, नेहमीच्या भागांत २३.९. म्हणजे मृत्यू १२ टक्क्यांनी जास्त. हजार बाळांमागे साडेतीन जादा. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त.

हा पेपर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आकडे उलटे छापलेत असं वाटून परत वर गेले होते.

कारण काय, हे एका प्रयोगातून पक्कं सांगता येत नाही. पण आकड्यांच्या आत पाहिलं तर काही दिसतं. लहान बाळांच्या आयांपैकी ४५ टक्क्यांनाच इंजेक्शन मिळालं होतं. आणि ज्यांना मिळालं त्यांतल्या बहुसंख्य बायकांची बाळं लहान नव्हतीच. म्हणजे ज्यांना लागणार होतं त्यांतल्या निम्म्याहून अधिक सुटल्या, आणि ज्यांना नको होतं त्यांच्या दंडात ते गेलं. स्टेरॉइड शरीराची जंतूंशी लढायची ताकद कमी करतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला त्याचा उपयोग नाही, धोका मात्र आहे. औषध तेच, डोस तोच. बदललं होतं ते भोवतालचं सगळं. (कोविडमध्ये हेच औषध ऑक्सिजनवर आणि व्हेंटिलेटरवर असलेल्यांना वाचवतं, ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा दिसत नाही, हे २०२० मध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी प्रयोगाने दाखवलं. आपल्याकडे तोवर चिठ्ठ्या फिरायला लागल्या होत्या, आणि चिठ्ठीवर 'कुणाला' हा रकाना नव्हता.)

आता माझ्यासारख्या बाकावर बसलेल्या वाचकाने काय करायचं? एका बाजूला दवाखान्यांतले वीस-तीस प्रयोग, सगळे मिळून 'फायदा' म्हणणारे. दुसऱ्या बाजूला एकच प्रयोग, पण लाखभर जन्मांचा, 'तोटा' म्हणणारा. दोघांना एका फॉरेस्ट प्लॉटमध्ये टाकून हिरा काढायचा का? टाकला तर तो एक प्रयोग आपल्या वजनाने बाकीच्यांना झोपवेल, किंवा गणिताची दुसरी पद्धत घेतली तर हिरा मधल्या रेषेवर येऊन बसेल आणि म्हणेल, 'नक्की सांगता येत नाही'. दोन्ही उत्तरं चूक आहेत. ताईच्या दवाखान्यासाठीही चूक, धारणीच्या उपकेंद्रासाठीही चूक. ही सरासरी कुठल्याच बाईची नाही.

कॉक्रेनने काय केलं? २०२० च्या आवृत्तीत २७ अभ्यास आहेत, ११,२७२ बायका. अ‍ॅक्टचे लाखभर जन्म त्यात नाहीत, हे नुसत्या या संख्येवरूनच कळतं. वगळायला कारण आहे, आणि ते खरं आहे: बाकीचे प्रयोग औषध तपासतात, अ‍ॅक्टने औषध वाटण्याची योजना तपासली. दोन वेगळे प्रश्न. पण मग माझ्यातली वाचक विचारते, धोरण ठरवणाऱ्याचा प्रश्न या दोनांपैकी कुठला होता? 'हे औषध फुप्फुसं तयार करतं का' हा त्याचा प्रश्न कधीच नव्हता. 'मी हे इंजेक्शन हजारो उपकेंद्रांत ठेवलं तर काय होईल' हा होता. त्या प्रश्नावर तीस अभ्यास नव्हते, चारही नव्हते. शून्य होते. २०१४ नंतर एक झाला. आढाव्यात आकडे भरपूर दिसत होते, म्हणून हे शून्य कुणाला दिसलं नाही.

अभ्यास कमी असतात तेव्हा खरी अडचण ही असते असं मला वाटतं. पुरावा कमी आहे हे कळतं तेव्हा माणूस जपून पावलं टाकतो. शेजारच्या प्रश्नाचा पुरावा भरपूर असतो आणि तो आपल्याच प्रश्नाचा आहे असं वाटतं, तेव्हा घोटाळा होतो.

उलटं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. नवजात बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कधी द्यायचं. ३९ गावांत हे केलं आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेल्या त्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पद्धतशीर आढाव्याच्या चाळणीत हा अभ्यास अडखळतो: चिठ्ठ्या टाकून गावं निवडली नव्हती, जागा एकच, आणि संस्था स्वतः तिथे वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेली. ६२ या आकड्यावर मी देशाचा हिशेब मांडणार नाही; सरकारी यंत्रणेत तो तसाच्या तसा मिळेल असं मानणं भोळेपणाचं होईल. तरीही २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बाळांना भेटी द्यायची योजना देशभर आली, तेव्हा तिच्यामागचा पुरावा निदान योग्य प्रश्नाचा होता. खेड्यात, घरात, गावच्या बाईच्या हातून. मेलेलं एकेक बाळ मोजून.

मग चांगली बेरीज कशी दिसते? माझ्या वाचनात आलेला सगळ्यात प्रामाणिक मजकूर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीत आहे, आणि गंमत म्हणजे तो शैलीच्या दृष्टीने अगदी रुक्ष आहे. ते म्हणतात: २४ ते ३४ आठवड्यांत हे इंजेक्शन द्यावं, जर दिवस अचूक मोजता येत असतील, जर प्रसूती लवकरच होणार असेल, जर आईला जंतुसंसर्ग नसेल, जर बाळंतपणाची नीट सोय असेल आणि जर अपुऱ्या दिवसांच्या बाळाची काळजी घेता येत असेल. पाच 'जर'. दवाखान्यांतले प्रयोग आणि अ‍ॅक्ट यांना एका सरासरीत न दळता एका वाक्यात बसवलं आहे: जिथे हे पाच आहेत तिथे पहिल्यांचं ऐका, जिथे नाहीत तिथे दुसऱ्याचं. हिऱ्याला 'जर' म्हणता येत नाही. वाक्याला येतं.

पण जिनिव्हात बसून पाच 'जर' लिहिणं सोपं आहे, हेही म्हणायला हवं. मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावर त्यातला एकही पुरा होत नसेल. मग तिथल्या बाईला काय सांगायचं? 'तुझ्या भागात सोयी नाहीत म्हणून तुला औषधही नाही'? ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांनाच अटी लावून बाहेर ठेवायचं, हे कुठल्याही संवेदनशील माणसाला खुपतं. मलाही खुपतं. २०१४ च्या मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्यांनाही हेच खुपलं असणार, असं मी समजून घेते. तरी माझं मत विचाराल तर उपकेंद्रात, दिवस माहीत नसताना, हे इंजेक्शन देऊ नये. तोच पैसा पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी, रात्री खरंच येणारी गाडी आणि तालुक्याच्या दवाखान्यात चालू स्थितीतला वॉर्मर यांवर घालावा. हे मत मी एका प्रयोगाच्या जोरावर देते आहे याची मला जाणीव आहे. उद्या दुसरा प्रयोग वेगळं म्हणाला तर ते बदलावं लागेल.

दुसरा प्रयोग झालाही. अ‍ॅक्टनंतर काही जण म्हणायला लागले की गरीब देशांत हे औषध दवाखान्यातही बंद करावं. हेही चुकीचं वाचन, आधीच्याची उलटी बाजू: आधी दवाखान्याचा पुरावा गावाला लावला, आता गावाचा दवाखान्याला. जागतिक आरोग्य संघटनेने मग भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियातल्या २९ दवाखान्यांत प्रयोग केला, २,८५२ बायकांवर, सोनोग्राफीने दिवस ठरवून. हा अ‍ॅक्शन प्रयोग २०२० च्या डिसेंबरात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. नवजात मृत्यू औषध घेतलेल्या गटात १९.६ टक्के, न घेतलेल्या गटात २३.५. फायदा इतका स्पष्ट होता की प्रयोग मध्येच थांबवला, कारण पुढे कुणालाही औषधाविना ठेवणं बरोबर नव्हतं. आयांमध्ये जंतुसंसर्ग वाढला नाही.

हा फायदा साधारण १६ टक्क्यांचा. चार लहान प्रयोगांनी ५३ सांगितला होता. कॉक्रेनचा स्वतःचा आकडाही ३१ वरून २०२० मध्ये २२ वर आला. आढाव्याच्या २०१७ च्या आवृत्तीत ३० अभ्यास होते, २०२० मध्ये २७. नवे आत येऊनही संख्या घटली, म्हणजे काही जुने बाहेर काढले गेले. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उलट हे त्या संस्थेच्या बाजूने बोलणारं आहे. स्वतःचा आकडा खाली आणणारे आढावे मला जास्त विश्वासाचे वाटतात. फक्त लोगो तोच राहिला. लोगोला नव्या आवृत्त्या नसतात.

आढाव्यांची भाषा हा माझा शेवटचा आक्षेप. 'अभ्यास समाविष्ट करण्यात आले', 'वगळण्यात आले', 'गट करण्यात आले'. कुणी केले? कर्मणी प्रयोगात कर्ता लपतो, हे आपण शाळेत शिकलो. शंभर प्रयोग असतील तर चालून जातं. एक इकडचा तिकडे झाला तरी हिरा हलत नाही. चारच असतात तेव्हा कुणाला कुणाच्या शेजारी बसवलं हाच निकाल असतो. तिथे मला 'आम्ही' हा शब्द हवा असतो. आम्ही हे चार एकत्र धरले, कारण अमुक. ते कारण पटत नसेल तर आमचा आकडा घेऊ नका. समीक्षेत आपण हे रोज करतो: ही कविता त्या कवितेसोबत का वाचली ते सांगतो आणि शिव्या खायला उभे राहतो. मेटा-अ‍ॅनालिसिस करणारा आपल्याहून वेगळं काही करत नाही. फक्त त्याच्या वाचनातून सरकारी परिपत्रक निघतं.

ताईच्या फाइलमध्ये दुसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी होती, म्हणून एकतीस आठवडे हे एकतीसच होते. बाळंतपणानंतर तिच्या खोलीत सफाईला येणाऱ्या मावशींशी माझी ओळख झाली. त्यांच्या सुनेला पाचवा की सहावा महिना चालू होता, गावाकडे. मी विचारलं, पाळी शेवटची कधी आलेली? मावशींनी थोडा विचार केला. "पोळ्याच्या आधी बघ. का नंतर? पाऊस होता एवढं आठवतंय."